संघ शेठचा, गुडघा इरफानचा

आमच्या पट्ट्यात फुटबॉलचा संघ बांधायचा तर आधी शिफ्ट पाठ कराव्या लागतात. गोलकीपर फर्स्ट शिफ्टला, दोन्ही बॅक सेकंडला आणि संघातला एकुलता एक डावखुरा विंगर, त्याला नेमका रविवारी ओव्हरटाइम. पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखान्यांच्या गर्दीत मी अठरा वर्षं फुटबॉलचा कोच होतो. त्यातली बरीचशी वर्षं फोनवरून सुपरवायझर लोकांची मनधरणी करण्यात गेली असावीत. तळवड्यातल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकानं मला विचारलं होतं, तुमचा पोरगा सरावाला गेला तर त्याच्या जागी तुम्ही थांबणार का? मी हो म्हणून बसलो. त्यानं खरोखरच थांबवून घेतलं. चार तास मी पत्र्याचे तुकडे मोजून पेटीत भरले. तिकडं सराव सामन्यात माझ्या संघानं पाच गोल केले. मी नसताना पोरं जास्त मोकळी खेळली, असं नंतर कळलं.

मी मूळचा कोल्हापूरचा. तिथं पेठेपेठेत फुटबॉल आहे, त्यामुळं मला या खेळाचं वेगळं कौतुक कधी वाटलं नाही. घरात मीठ असतं तसा तो होता. खेळतो म्हणून इथल्या एका कंपनीनं नोकरीला घेतलं. कंपनीचा संघ बंद झाला, पुढं गुडघ्याऐवजी डोक्यानं खेळायचं वय आलं, तेव्हा कोचिंगच्या परीक्षा दिल्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं की कोच म्हणजे रेषेबाहेर उभा राहून ओरडणारा माणूस. ओरडण्याचा फारसा उपयोग नसतो, मैदानातल्याला ते ऐकूच येत नाही. खरं काम अकरा नावं लिहिण्याचं असतं. आठवडाभर चोवीस जण राबलेले असतात. त्यातल्या अकरा जणांची नावं फळ्यावर लिहायची आणि उरलेल्या एकेकाच्या डोळ्यांत बघून सांगायचं, तुझं नाव का नाही. कुणी रडतं, कुणी पिशवी आपटतं. एकाची आई माझ्या घरी आली होती, डब्यात पुरणपोळ्या घेऊन. पोळ्या खाल्ल्या. नाव लिहिलं नाही.

या सगळ्याच्या वर मालक असतो. संघ त्याचा, बूट त्याचे, बस त्याची. फक्त ती अकरा नावं कोचची. जगात कुठंही जा, कोच आणि मालक यांचं भांडण त्या अकरा नावांवरूनच होतं. कंपनीच्या संघातले माझे कोच, फार शांत माणूस, मला सांगायचे, "मालकाशी भांडायचं ते केबिनमध्ये, दार लावून. बाहेर आलास की निर्णय कुणाचाही असो, तो तुझा." त्यांच्या तोंडून मी मॅनेजरबद्दल एक वाकडा शब्द कधी ऐकला नाही. या धंद्यातली सभ्यता म्हणतात ती हीच, असं मी धरून चाललो आणि आधी खेळाडू, मग कोच म्हणून तीस वर्षं तसाच वागलो. त्याबद्दल माझं नावही झालं. लोक म्हणायचे, माने सरांकडून आतली गोष्ट बाहेर येणार नाही.

आता ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे ते शेठ महाळुंग्याचे. त्यांचं नाव मी इथंही लिहीत नाही, सवय म्हणा. घराणं गावातलं जुनं. जमिनी कारखान्यांत गेल्यावर त्यांनी गाड्या घेतल्या आणि कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या कंपन्यांना पुरवू लागले. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून एक फुटबॉलचा संघ उभा केला आणि मला बोलावलं. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मला फुटबॉल कळत न्हाई सर. पण हारल्यालं कळतं."

माणूस दिलदार होता. मैदानाला पाणी कमी पडलं तर स्वतः टँकर घेऊन यायचे. मॅचला दोन बस भरून गावकरी आणायचे, सोबत ढोल-ताशा. एकदा ताशा इतका कडाडला की पंचाची शिट्टी कुणालाच ऐकू गेली नाही आणि आमचा एक गडी ऑफसाइड असताना गोल मारून चार मिनिटं नाचत राहिला.

पहिल्याच मोसमात त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर अकरा नावं लिहून माझ्या हातात दिली. त्यात त्यांचा एक भाचा होता. मी पत्रिका घडी करून खिशात ठेवली, माझीच नावं फळ्यावर लिहिली आणि सामना झाल्यावर महाळुंग्याला त्यांच्या बसच्या आवारातल्या केबिनमध्ये गेलो. दार लावलं. म्हटलं, शेठ, तुमच्या गाडीचा ड्रायव्हर तुम्ही निवडता, पण स्टिअरिंगला हात लावता का? त्यांनी हसून चहा मागवला. नंतर पाच वर्षं त्यांनी नावांत हात घातला नाही. भाचाही पुढं खूप चांगला प्रेक्षक झाला.

याच संघाचा कप्तान इरफान. घर राजगुरुनगरचं, पण तो आणि त्याचा थोरला भाऊ तळवड्यात दुचाकीचं गॅरेज चालवायचे. सकाळी सहाला सराव, आठला शटर वर. मधल्या फळीत खेळायचा. वेग फार नव्हता, पण बॉल कुठं येणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. गाडी नुसती ऐकून काय बिघडलंय ते सांगणाऱ्यातला तो. मैदानावरही तसाच; कुणाचा दम गेलाय, कुणाचं घरी वाजलंय, हे मला तो सांगायचा. कोचला असा एक खेळाडू आयुष्यात मिळतो, फार तर दोन.

सहाव्या मोसमात आम्ही लीगच्या उपान्त्य सामन्यात होतो. शेवटच्या दहा मिनिटांत समोरच्याचा पाय इरफानच्या गुडघ्यावर बाजूनं आला. तो उठला, सामना पूर्ण खेळला, आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला होता. मी त्याला चिंचवडला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. फोटो निघाले. डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं: गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारा दोर असतो, तो अर्धा तुटलाय. विश्रांती आणि व्यायाम मिळाला तर निभावेल. खेळला तर उरलेला अर्धाही जाईल, सोबत हाडांमधली गादीही फाटेल. निदान तीन महिने मैदान नाही.

अंतिम सामना दोन आठवड्यांवर होता.

शेठनी तोवर चाकणच्या चौकात मोठा फ्लेक्स लावला होता. मध्यभागी इरफान, एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला चषक, जो अजून मिळायचा होता. मी केबिनमध्ये गेलो, दार लावलं आणि सांगितलं की इरफान अंतिम सामन्यात नसेल.

शेठ म्हणाले की दुसऱ्या डॉक्टरशी बोललोय, सुई मारली की दुखायचं नाही. मी सांगितलं, सुईनं दुखणं जातं, दोर जोडला जात नाही. दुखणं हाच तर भोंगा आहे, तो बंद केला म्हणून आग विझत नाही. ते म्हणाले, मग अर्धा तास तरी. मी नाही म्हणालो. त्यांनी फोन लावून इरफानलाच विचारलं, स्पीकरवर. तो लगेच म्हणाला, "खेळतो शेठ." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की आता काय म्हणणं आहे.

मी म्हणालो, "खेळाडूला विचारायचंच नसतं, शेठ. तो हो म्हणणारच. म्हणून तर कोच ठेवतात."

शेठ खिडकीकडं वळले. खिडकीबाहेर त्यांच्या पिवळ्या बसगाड्या धुतल्या जात होत्या. मग ते जे बोलले त्यासाठी मी त्यांना आजही पूर्ण दोषी धरू शकत नाही. "ही समदी जमीन आमची व्हती," ते म्हणाले. "आता गेटवर माझ्याच रानात मला पास दाखवावा लागतो. लोक मला गाडीवाला म्हणत्यात. टीममुळं आमचं नाव गावाच्या नावासंगं घेत्यात, सर. येवढं एकदा घेऊ द्या."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून नाव लिहिता येत नाही. मी पुन्हा नाही म्हणालो.

फायनलच्या पाच दिवस आधी त्यांनी बोलावून घेतलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. वैयक्तिक कारणास्तव मी प्रशिक्षकपद सोडत आहे, असा मजकूर. शेठ माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमी दमलात सर. जरा आराम करा." मी कागद दोनदा वाचला आणि सही केली. भांडलो नाही. संघ त्यांचा होता, कोच बदलायचा हक्क त्यांचा होता. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. हात थंड होते.

जबाबदारी माझ्या सहायकाकडं गेली. महेश, बीडकडचा, तिशीतला, दोन लहान मुलांचा बाप, शेठच्याच आवारात हिशेबनीस म्हणून नोकरीला. मी त्याला प्रत्येक खेळाडूची फाइल दिली, इरफानच्या फाइलवर डॉक्टरांचा कागद सगळ्यात वर ठेवला आणि तोंडी दोनदा सांगितलं की याला उतरवायचं नाही. त्यानं मान हलवली. ती मान कशी हलली ते मी बघितलं होतं. ज्याची चूल मालकाच्या आवारातच पेटते त्याच्या मानेकडून मी आणखी काय अपेक्षा करणार होतो?

संघाला कळलं तेव्हा पोरं बिथरली. दुसऱ्या दिवशी सरावाला कुणी बूटच घातले नाहीत. सर नाहीत तर आम्ही नाही, असं ठरवून बसले. महेशनं मला फोन केला. मी मैदानावर गेलो आणि त्यांना सांगितलं, बूट घाला. संघ माझा नव्हता आणि तुम्ही माझ्यासाठी खेळत नव्हता. महेशसर सांगतील ते ऐका. एकानं विचारलं की सर, खरं काय झालं? मी म्हणालो, वैयक्तिक कारण. एका वार्ताहराचाही फोन आला, त्यालाही तेच सांगितलं. घरी येऊन मी बायकोला म्हणालो की शेवटचं काम नीट झालं. खरं सांगतो, मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी इरफान घरी आला. आम्ही निगडीला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. तो जिना चढून आला तो कठडा धरून, हे मी वरून बघितलं. बायकोनं सरबत दिलं. तो इकडचं तिकडचं बोलत राहिला, भावानं गॅरेजला नवा पत्रा टाकलाय वगैरे. सरबत संपलं तरी ग्लास हातातच होता. मग म्हणाला, "सर, सुई घेतलीय. दुखत नाही आता. तुम्ही सांगा, खेळू का?"

डॉक्टरांचा कागद मला पाठ होता. उत्तर मला माहीत होतं. पण मी आता त्या संघाचा कोणी नव्हतो. सोडलेल्या संघाच्या खेळाडूला मागल्या दारानं सूचना देणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात हलकं काम समजतात. नव्या कोचच्या पाठीत खंजीर. मी तीस वर्षं जे पाळलं ते शेवटच्या दिवशी मोडायचं नाही, असं ठरवलं आणि म्हणालो, "तो निर्णय आता महेशसरांचा आहे."

त्यानं ग्लास खाली ठेवला. "बरं सर," म्हणाला. बायको आतून दारापर्यंत आली होती, तिनं माझ्याकडं बघितलं. तो उठला, वाकून माझ्या पाया पडायला लागला तर गुडघा वळेना. मी त्याला मधेच धरलं. मग तो एकेक पायरी करत उतरला. त्याचे वडील राजगुरुनगरला होते, त्यांचा नंबर माझ्याकडं होता. भावाचाही होता. तोही फोन मी केला नाही.

अंतिम सामना पिंपरीच्या मैदानावर होता. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेलो आणि लांबच्या गोलच्या मागं, तिकिटाच्या बाकावर बसलो. महाळुंग्याच्या बसगाड्या आल्या होत्या. फाटकाशी लावलेल्या फळ्यावर पहिलंच नाव इरफानचं होतं. गुडघ्याला पट्टी. पहिली वीस मिनिटं तो इतका सुंदर खेळला की मलाच शंका आली, डॉक्टर चुकले की काय. त्याच्या पासवर आमचा गोल झाला. ढोल वाजले. शेठ खुर्चीवरून उठून नाचले.

त्यानंतर थोड्याच वेळात बॉल त्याच्याकडं साधा, जमिनीवरून आला. आसपास कुणीही नव्हतं. तो बॉल घेऊन वळला आणि खाली बसला. पडला नाही, बसला, जसा थकलेला माणूस बांधावर बसतो. मग त्यानं दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि आकाशाकडं तोंड केलं. ओरडला की नाही मला माहीत नाही, ढोल वाजत होते.

मी बाकावरून उठून कुंपणापर्यंत गेलो. फाटक उघडं होतं. तिथं उभ्या पोलिसानं मला ओळखलं, जा म्हणाला. मी गेलो नाही. माझं तिथं काय काम, असा विचार तेव्हाही डोक्यात आला. स्ट्रेचर आलं. महेश त्याच्या शेजारून चालत होता, रडत होता.

आम्ही तो सामना एक-शून्यनं जिंकलो. आम्ही म्हणजे ते.

शेठनी ऑपरेशन चांगल्या हॉस्पिटलात करवलं, काही कमी पडू दिलं नाही, हे सांगायला हवं. रोज जायचे, उशाशी बसायचे. पण दोरासोबत गादीही गेली होती आणि गुडघा पूर्वीसारखा वाकेना. चालतो, जिना चढतो. उकिडवं बसता येत नाही. ज्याला दुचाकीचं काम माहीत आहे त्याला यापुढं सांगायला नको. ते सगळं काम जमिनीवर उकिडवं बसून करायचं असतं.

चषकाच्या पुढच्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत हरला आणि त्याच्या पुढच्या वर्षी बंद झाला. महेशनं नोकरी सोडली, गावी गेला. शेठ मला एका लग्नात भेटले. बाजूला घेऊन गेले आणि बराच वेळ तब्येतीचं बोलून झाल्यावर म्हणाले, "सर, तुमी माझ्यासंगं चारचौघांत भांडायला पायजे व्हतं. पेपरात द्यायचं, पोरांफुडं वराडायचं. मी लाजंकाजं थांबलो असतो. तुमी गपचिप सही केली, मला वाटलं तुमचंबी तेवढं ठाम न्हाई."

मला राग आला. सगळं यांनी केलं आणि आता बोट माझ्याकडं. तसं बोललोही. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि आम्ही एकाच पंगतीत जेवलो. ते खरोखर थांबले असते का, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. कदाचित नसते. पण त्यांच्या तोंडचं ते वाक्य खोटं ठरवायला माझ्याकडं काही नाही, कारण मी ते करून बघितलंच नव्हतं.

इरफानला भेटायला मला दोन वर्षं लागली. हॉस्पिटलात गेलो होतो, पण ते भेटणं नव्हतं. खाली फळं ठेवून आलो होतो. मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तळवड्याला गेलो. गॅरेज तेच. तो दारात उंच स्टुलावर बसला होता, डावा पाय सरळ पुढं. मला बघून उठायला लागला, मी खांद्यावर हात ठेवून बसवलं. अंगानं जरा सुटला होता. भाऊ सुटे भाग आणायला चिंचवडला गेला होता.

मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. म्हणालो, तू घरी आलास तेव्हा मला उत्तर माहीत होतं, मी दिलं नाही. नियम पाळला. चुकलो.

तो हातातला पाना फडक्यानं पुसत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "सर, दोर तुटलाय हे मलापण माहीत होतं. डॉक्टर माझ्यासमोरच बोलले होते ना. मी फक्त एवढ्यासाठी आलो होतो की तुम्ही नको म्हणाल. मग शेठला सांगता आलं असतं, सरांनी नको म्हटलंय. माझ्या तोंडून ते निघत नव्हतं."

तेवढ्यात एक कंपनीतला पोरगा स्कूटर ढकलत घेऊन आला. फर्स्ट शिफ्ट आहे भाऊ, जरा लवकर बघा, म्हणाला. इरफाननं किक मारायला लावली, कान दिला आणि स्टुलावरूनच सांगितलं की खालचा नट सैल झालाय, दोन मिनिटांचं काम. मग त्यानं रस्त्याकडं बघितलं, भाऊ येतोय का म्हणून. पोरगा घड्याळ बघत होता.

मी पाना मागितला. इरफान आधी नको नको म्हणाला, मग दिला. मी स्कूटरजवळ उकिडवा बसलो आणि तो सांगत गेला तसं करत गेलो. आणखी खाली, डावीकडं, आता आवळा. दोनाची दहा मिनिटं झाली. साठी कधीच उलटून गेली आहे, तरी माझे दोन्ही गुडघे कुरकुर न करता वाकले होते. मला त्यांची लाज वाटली.